झोपेचा उपास

आमच्या घरात झोपेवरून पहिली कुरबूर झाली ती हर्षदा लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. हर्षदा म्हणजे माझी धाकटी जाऊ, सुहासभावजींची बायको. पूजेला गुरुजी येऊन बसलेले, पाहुणे चहाला खोळंबलेले आणि नवी नवरी आत ढाराढूर. मी दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी आत जाऊन पंखा बंद केला. बाईसाहेबांनी कूस बदलली, बस्स. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माहेरहून उशी तेवढी आणलेली दिसतेय." माझ्या तोंडाला लगाम नाही हे अख्ख्या तासगावाला ठाऊक आहे. हर्षदा नुसती हसली. ती जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेली मुलगी. म्हणाली, "आक्का, मैदानात अंग इतकं आपटलंय ना, की गादीला टेकलं की उठवतच नाही."

पुढं कितीतरी वर्षं मी तिला झोपेवरून बोलत राहिले. शेजारी लग्नाचा बँड वाजत असला तरी ही झोपणार. घरात मिक्सर सुरू असला तरी झोपणार. ती कधी उलटून बोलली नाही. कुठल्याच गोष्टीला ती नाही म्हणत नसे आणि घरात सगळ्यांना त्याची सवय होऊन गेली होती.

मग माझी पंचेचाळिशी उलटली आणि माझी झोप गेली.

झोप जाते म्हणजे काय, ते ज्याची जाते त्यालाच कळतं. दिवसभर डोळे चुरचुरणार, आणि अंथरुणाला पाठ टेकली की डोकं टक्क जागं. जायफळ उगाळून दुधातून घेतलं, काशाच्या वाटीनं तळपाय घासून घेतले, मोबाइल संध्याकाळीच कपाटात टाकायला लागले, गोळ्या घेतल्या. गोळ्यांनी सकाळी जीभ जड व्हायची, एवढाच फरक. मी ब्लाउज शिवते, शिवणाचा क्लासही घेते. एकदा मशीनवर बसल्याबसल्या क्षणभर डोळा लागला आणि सुई बोटातून आरपार गेली. क्लासच्या पोरींवर खेकसायला लागले. आमच्या ह्यांनी स्कूटीची किल्ली काढून घेतली. रोज दूध उतू जायचं, रोज मी रडायची.

अशी काही वर्षं काढल्यावर मिरजेच्या डॉक्टर बेहेरेबाईंचं नाव कुणीतरी सांगितलं. त्यांचा दवाखाना फक्त झोपेच्या आजारांचा. त्यांनी मला समोर बसवून नीट समजावलं.

गाढ झोपेत मेंदूतल्या पेशी एकाच वेळी गप्प होतात आणि एकाच वेळी बोलायला लागतात. त्यातून एक संथ लाट तयार होते, साधारण सेकंदाला एक. ती मेंदूभर फिरत असताना शरीराची डागडुजी होते. आणि दिवसभरात जे नवीन शिकलेलं असतं ते कच्च्या जागेवरून उचलून पक्क्या जागी ठेवलं जातं. माझ्या मेंदूतल्या पेशींना एकत्र गप्प बसणंच जमत नव्हतं. सगळ्या थांबल्या तरी एखादी बोलतच राहायची.

"आम्ही आधी रेकॉर्ड केलेल्या लाटा ऐकवून पाहायचो," डॉक्टर म्हणाल्या. "चार-आठ दिवस गुण यायचा, मग मेंदू दाद देईनासा व्हायचा. आता कळलंय की झोपलेल्या जिवंत माणसाची लाट, तिच्यातल्या बारीकसारीक चढउतारांसकट, त्याच क्षणी पोचवली तर न झोपणारा मेंदू तिच्या मागून जातो. तुम्ही भजनाला जाता ना? एक पक्का टाळकरी असला की कच्चेही तालात येतात."

याला ते जोडझोप म्हणतात. दोघांच्या कपाळाला एकेक मऊ पट्टी, मध्ये डब्याएवढं यंत्र. एक पट्टी देणाऱ्याची लाट वाचते, दुसरी ती अगदी सौम्य विजेनं घेणाऱ्याच्या मेंदूपर्यंत नेते. पापणी लवण्याइतकाही उशीर चालत नाही, म्हणून दोघांनी एकाच घरात, फार तर एका भिंतीच्या आड झोपायचं. आमच्या घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. आमच्या ह्यांची लाट घोरण्यात तुटायची, भावजींची उथळ निघाली. हर्षदाची लाट पडद्यावर उमटली तेव्हा डॉक्टर खुर्ची पुढं ओढून बघायला लागल्या.

"अशी झोप मी क्वचितच बघते," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यभर हिला ज्या गोष्टीवरून टोमणे मारले, तीच आता मला हवी होती. मला लाज वाटली, पण हाव त्याहून मोठी होती.

"पण एक आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कच्चे टाळकरी पक्क्यालाही थोडे ओढतात. देणाऱ्याची लाट थोडी खाली येते. आठवड्यातून दोन रात्री जोड बंद ठेवली की ती आपोआप भरून निघते. त्या दोन रात्री पाळल्या नाहीत तर हळूहळू जाणवायला लागतं, आणि पहिला फटका नवीन शिकण्याला बसतो. जुनं शाबूत राहतं, नवीन टिकत नाही. पट्टी मात्र देणाऱ्यानं त्या रात्रीही लावायची, तिची स्वतःची लाट मोजायला. जोडीचं बटण घेणाऱ्याच्या उशाशी असतं. झोपेची माहिती घराबाहेर पाठवायला कायद्यानं बंदी आहे, म्हणून मला ती वार्षिक तपासणीत यंत्र उघडल्यावरच दिसेल. तोवर सगळं तुमच्यावर." मग त्या हर्षदाकडं वळल्या. "तुमची तयारी आहे?"

हर्षदानं तोंड उघडायच्या आत भावजी म्हणाले, "तिला काय विचारायचं डॉक्टर? झोपायचंच तर आहे." आणि मी म्हटलं, "आमची हर्षदा कधी कशाला नाही म्हणत नाही." सगळे हसले. हर्षदाही हसली आणि तिनं काचेवर अंगठा टेकवला. संमती म्हणतात ती अशी झाली, चारचौघांत, चहा पिता पिता.

दोन रात्री कुठल्या सोडायच्या, ते घरी आल्यावर ठरलं. मी मंगळवार आणि शुक्रवार धरते. भावजी म्हणाले, "आक्कांचे उपास आहेतच की. त्याच दिवशी झोपेचाही उपास." सगळ्यांना ते पटलं, मला तर फारच. कारण उपासाच्या बाबतीत मी कडक. तापात धरलेत, लग्नाच्या पंगतीत बसून धरलेत. एकदा शुक्रवारी विसरून खारीचा तुकडा तोंडात टाकला तर शनिवारी पुन्हा उपास करून भरपाई केली होती. माझ्या हातून उपास मोडणार नाही, याची घरात कुणालाच शंका नव्हती.

पहिल्या रात्रीनंतरच्या सकाळबद्दल काय सांगू? जाग आली तेव्हा खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि मला कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं हलकं वाटत होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन हर्षदाच्या गळ्यातच पडले. ती म्हणाली, "अवो आक्का, पोळी करपतेय." महिन्याभरात माझा हात शिवणावर पुन्हा बसला, क्लासच्या पोरी माझ्याशी हसून बोलायला लागल्या, लग्नसराईच्या ऑर्डरी परत घ्यायला लागले. स्कूटीची किल्ली मिळाली. आमचे हे म्हणाले, "तू परत आलीस."

याच सुमारास हर्षदानं राज्य पंच परीक्षेचा अर्ज भरला. खेळणं सुटून जमाना झाला होता, पण मैदान तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं. जिल्ह्याच्या मुलींच्या सामन्यांना ती शिट्टी घेऊन उभी राहायचीच. आता राज्याच्या यादीत नाव लागलं असतं तर राज्यभर बोलावणं येऊ शकलं असतं. या घरात येऊन तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. त्या वर्षी कबड्डीचे बरेच नियम बदलले होते आणि परीक्षा त्या नव्या नियमांचीच होती. ती मला म्हणाली, "आक्का, रोज संध्याकाळी माझी उजळणी घ्याल?" मी म्हटलं, "घेईन की. तुझ्यामुळंच तर माझं डोकं ताळ्यावर आलंय."

आणि मी काय करत होते?

उपासाच्या रात्री जड जायला लागल्या. आधी कित्येक वर्षं जागी राहिलेली बाई मी, पण तीन रात्री झोपून चौथी जागून काढणं मला जास्त अवघड गेलं. एका शुक्रवारी लग्नाच्या ऑर्डरी अंगावर होत्या. दुसऱ्या दिवशी नवरीच्या शालूवरचा ब्लाउज कापायचा होता आणि माझे हात थरथरायला नको होते. उशाशी यंत्र होतं. त्यावर जोडीचं ते बटण, किती वाटा घ्यायचा ते शून्यापासून पूर्णापर्यंत फिरवून ठरवणारं. आता उपासाला काय चालतं यावर आमच्याकडं बायका तासन् तास वाद घालतात. साबुदाणा चालतो, वरी चालते, बटाटा चालतो. जिरं चालतं, हळद नाही. कोथिंबीर कुणाकडं चालते, कुणाकडं नाही. मी बटणाकडं बघत स्वतःशी म्हटलं, पोळी-भाजी नको, चिमूटभर वरी घेतली तर काय झालं? आणि बटण जरासं फिरवलं.

नंतर ते जरासं राहिलं नाही. बटाट्यावर आले, साबुदाण्यावर आले, आणि पुढं पुढं मंगळवारी-शुक्रवारी बटण पूर्ण फिरलेलं असायचं. दिवसाचा उपास मात्र कडक. ताकात मीठ घालायचं तेही सैंधव.

याहून वाईट सांगते. बुधवारी आणि शनिवारी सकाळी घरातल्यांना वाटायचं की माझी रात्र जागून गेली आहे. मग मी तसं दाखवायची. आरशासमोर उभं राहून डोळे चोळून लाल करायची, पदर कपाळाला बांधायची, जिना उतरताना कठडा धरायची. चांगली आठ तास झोपलेली बाई मी. हर्षदा माझ्यासाठी आल्याचा चहा आणायची, मागं उभी राहून कपाळाला बाम चोळून द्यायची आणि म्हणायची, "आजची रात्र येऊ दे आक्का, भरपूर झोपा." तिच्या बोटांखाली माझं डोकं जळायचं. आणि तरी पुढच्या शुक्रवारी बटणाकडं हात जायचाच.

बदल मला पहिल्यांदा दिसला तो उजळणीत. जुने नियम तिला झोपेतून उठवून विचारले असते तरी आले असते. नवे मात्र काल पाठ केलेले आज कोरे.

"समोर पाच बचावपटू असताना बोनस रेषा ओलांडली तर?" मी विचारायची.

"बोनस नाही. बोनसला सहा लागतात."

"ते पूर्वी गं. आता पाचांवर मिळतो."

"हां हां, पाच. पाचच की." ती कपाळावर हात मारून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा. मला ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत पाठ झालं. मी ना कधी मैदानात उतरले, ना शिट्टी फुंकली, पण रात्रभर गाढ झोपणारं डोकं होतं ना माझं. संध्याकाळी तिला विचारायची आणि सकाळी माझ्याच डोक्यात ते पक्कं बसलेलं असायचं.

डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते मी विसरले होते असं कुणाला वाटेल. मुळीच नाही. शब्दन् शब्द आठवत होता. मी मनाशी म्हणायची, वय होतंय तिचं, घरकामात लक्ष विभागतं, परीक्षेचं टेन्शन आहे. परीक्षा झाली की मी उपास नीट पाळीन, आता एवढी लग्नसराई जाऊ दे. अशी लग्नसराई गेली, मग गौरी-गणपतीचे ब्लाउज आले, मग दिवाळीचे.

हर्षदा नव्या शेजारणीचं नाव रोज विचारायला लागली. भावजींनी घराच्या दाराच्या नंबरी कुलपाचा आकडा बदलला तर ती दोनदा बाहेर अडकून बसली. ती हसण्यावारी न्यायची. पण एकदा भाजी निवडताना हळूच म्हणाली, "आक्का, माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं." तिच्या आईला साठीच्या आतच विसरण्याचा आजार जडला होता. शेवटी शेवटी ती माउली पोटच्या मुलीलाच, तुम्ही कुणाकडच्या, असं विचारायची. मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस." आणि मेथीच्या काड्या मोडत राहिले.

परीक्षेचा शेवटचा भाग प्रत्यक्ष सामन्याचा. रविवारी दुपारी, सांगलीच्या मैदानावर, मुलींचा जिल्हा निवडीचा सामना. परीक्षक टेबलामागं बसलेले, हर्षदा पांढऱ्या शर्टात, गळ्यात शिट्टी. आम्ही सगळे प्रेक्षकांत. सुरुवात तिनं झकास केली. हात कसा ठाम उचलायची, शिट्टी कशी नेमकी वाजवायची. भावजी सारखे मला कोपर मारत होते, बघा बघा म्हणून.

सामना संपत आलेला. गुण बरोबरीत. समोर पाच मुली. चढाईला गेलेली पोर सडपातळ, चपळ. तिनं एक पाय मागं हवेत ठेवला आणि पुढच्या पायानं बोनस रेषेपलीकडं टेकून परत आली. माझ्या तोंडून निघालं, "बोनस." माझ्या शेजारच्या माणसानं माझ्याकडं कौतुकानं पाहिलं.

हर्षदानं बोनस नाकारला.

पोरीनं दोन्ही हात पसरले. तिचे प्रशिक्षक ओरडत पुढं आले. हर्षदा ठामपणे बोटांनी दाखवत होती, पाच, पाच, सहा नाहीत. मग तिला परीक्षकांचे चेहरे दिसले. तिचा हात हवेतच राहिला. काहीतरी चुकलंय हे तिला कळलं, पण काय ते आठवत नव्हतं, हे मला एवढ्या लांबूनही दिसत होतं. कॅमेऱ्यावर बघून निर्णय फिरवला गेला, त्या पोरीला गुण मिळाला. एक परीक्षक उठून मैदानात गेले, हर्षदाशी दोन शब्द बोलले, आणि तिनं गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली. बाकीचा वेळ दुसऱ्याच पंचानं पुरा केला.

गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली होती. आमचे हे म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." ती म्हणाली, "नाही दादा. झालं ते." मी तिच्या शेजारी बसले होते. सांगावं, सांगावं असं कितीदा जिभेवर आलं. कवलापूर गेलं, घर आलं.

तुम्हाला वाटेल त्यानंतर तरी मी सुधारले असेन. मंगळवारी उपास होता. मी साबुदाणासुद्धा खाल्ला नाही, नुसत्या पाण्यावर दिवस काढला, प्रायश्चित्त म्हणून. आणि रात्री बटण पूर्ण फिरवून झोपले.

बुधवारी सकाळी मी नेहमीसारखी डोळे चोळून, पदर बांधून खाली आले. हर्षदानं चहा दिला. बामची बाटली घेऊन ती माझ्या मागं उभी राहिली. बोटं कपाळावर फिरवता फिरवता म्हणाली, "आक्का, मी मेंदूच्या डॉक्टरांकडं नाव घातलंय. ह्यांना सांगितलं नाही अजून. आईचाच आजार असणार. एकच सांगायचंय तुम्हाला. मी पुरती विसरायला लागले तरी तुमची झोप थांबवू नका हं. तेवढं तरी मला देता येईल."

मी तिचे दोन्ही हात धरले आणि कपाळावरून खाली ओढले.

"तुला काही आजार नाही," मी म्हणाले. "मी चोरी करतेय."

तिला कळलं नाही. मग मी सांगितलं. पदर सोडला, लाल केलेले डोळे दाखवले. बटण, वरी, बटाटा, साबुदाणा, सगळं. काल रात्रीचंही. डॉक्टरांनी इशारा दिला होता तो मला रोज आठवत होता, हेही. बोलताना माझा आवाज मलाच परका वाटत होता. स्वयंपाकघरात गॅसवर दूध होतं, ते वर आलं तसा तिनं जाऊन गॅस बंद केला आणि तिकडंच उभी राहिली.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"उन्हाळ्यापासून."

"उजळणी घेत होता माझी. रोज."

"हो."

"मी सहा म्हणायचे आणि तुम्ही हसून पाच सांगायचा."

तिनं बोटांचा बाम ओट्यावरच्या फडक्याला पुसला, एकेक बोट, सावकाश.

"मला विचारायचं होतं," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू दिली असतीस गं. तू कधी नाही..."

"नाही म्हणाले असते." ती वळली. इतक्या वर्षांत मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. "परीक्षा होईपर्यंत मी नाही म्हणाले असते, आक्का. तुम्हाला ते माहीत होतं."

मला माहीत होतं. म्हणूनच मी विचारलं नव्हतं. घरभर जी गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगत फिरले, की हर्षदा कधी नाही म्हणत नाही, ती खोटी आहे हे सगळ्यांच्या आधी मला कळलं होतं आणि मी त्यावर पांघरूण घातलं होतं. मी खाली मान घालून म्हटलं, "हो. माहीत होतं."

त्या दिवशी तिनं पोळ्या केल्या, माझं ताट झाकून ठेवलं आणि दुपारी स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं. पट्टी तिनं माझ्या शिलाई मशीनवर आणून ठेवली होती.

शनिवारी आम्ही मिरजेला गेलो. डॉक्टरांनी यंत्र उघडून सगळी माहिती पाहिली. पडद्यावर हर्षदाची लाट उन्हाळ्यापासून उतरत उतरत आलेली होती आणि माझी चढत गेलेली. डॉक्टर मला बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हर्षदाला त्यांनी सांगितलं की मेंदूत दोष नाही, आईच्या आजाराची खूण नाही, काही आठवडे स्वतःची झोप स्वतःला मिळाली की नवीन शिकलेलं टिकायला लागेल. "परीक्षा पुढच्या वर्षी देता येईल तुम्हाला," त्या म्हणाल्या. हर्षदानं डोळे मिटून घेतले. भावजींनी खिशातून रुमाल काढला.

मग डॉक्टर म्हणाल्या, "जोड पुढं कधी सुरू करायची की नाही, हे मला यांना एकट्यांना विचारायचंय. गेल्या वेळी मी सगळ्यांसमोर विचारलं, ते माझं चुकलं. तुम्ही बाहेर थांबा."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. भावजी नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "त्यात काय विचारायचंय? बरी झाली की हर्षदा काही नाही म्हणणार..."

"तुम्ही गप्प बसा, भावजी," मी म्हटलं.

समोरच्या भिंतीवर झोपलेल्या बाळाचं चित्र होतं. बुधवारपासूनच्या तिन्ही रात्री मी डोळे उघडे ठेवून काढल्या होत्या. डोळे लाल झाले होते, आणि या वेळी मी ते चोळून लाल केले नव्हते. मी मनाला बजावत होते, ती नाही म्हणू दे. तिनं नाहीच म्हणायला हवं. आणि ओठ मात्र वेगळंच पुटपुटत होते. माझं मला ऐकू आलं तेव्हा कळलं की मी गणपतीचं नाव घेतेय आणि म्हणतेय, तिला हो म्हणू दे. एवढं सगळं होऊनही.

दार उघडलं. हर्षदा बाहेर आली. ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"नाही म्हटलं," ती म्हणाली. "पुढंही नाही."

"बरं केलंस," मी म्हणाले.

तिनं वाकून माझा चेहरा नीट पाहिला.

"वाईट वाटलं ना तुम्हाला?"

खोटं बोलायला माझ्याकडं काही शिल्लक नव्हतं. "वाटलं," मी म्हणाले.

"मला वाटलं होतं, मलाही वाटेल," हर्षदा म्हणाली. "नाही वाटलं."

ती जिना उतरायला लागली. मी कठडा धरून तिच्या मागून उतरले.